गाठीवर पहिला काप देण्याआधी

मे १९७५. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एक प्रयोग सुरू झाला. हातापायात आक्रमक सार्कोमा, म्हणजे चरबी-स्नायूंसारख्या मऊ भागांतला कर्करोग, झालेल्या रुग्णांना विचारलं जात होतं: तुमचा पाय काढायचा की ठेवायचा हे आम्ही चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, तर चालेल का? ऐकायला क्रूर वाटतं. पण पाय ठेवला तर माणूस दगावेल की नाही, हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, आणि भीतीपोटी हातपाय सर्रास काढले जात होते.

पुढच्या सहा वर्षांत ४३ जण तयार झाले. १६ जणांचा अवयव काढला, गाठीच्या वरच्या सांध्यातून किंवा त्याहूनही वरून. उरलेल्या २७ जणांची फक्त गाठ काढली, भोवतीच्या निरोगी मांसाच्या थरासकट, आणि त्या जागेवर किरणोपचार केले. केमोथेरपी दोन्ही गटांना दिली. पाच वर्षांनंतरचा हिशेब असा निघाला: अवयव गमावलेल्यांपैकी ८८ टक्के हयात, अवयव राखलेल्यांपैकी ८३ टक्के. एवढ्या कमी माणसांत हा फरक धरण्याजोगा नव्हे. अवयव राखलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी गाठ परत आली, दुसऱ्या गटात एकालाही आली नाही. तरीही जगण्यात फरक पडला नाही.

का पडला नाही? कारण मांडीतल्या सार्कोमाने माणूस सहसा मांडीमुळे जात नाही. गाठीतल्या पेशी रक्तातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि जीव तिथे जातो. त्या आधीच निघून गेल्या असतील, तर पाय कापून त्या परत येणार नाहीत. म्हणजे या आजारात लढाया दोन आहेत: एक गाठीच्या जागेवरची आणि दुसरी सगळ्या शरीरातली. सुरी आणि किरण पहिलीसाठी, औषधं मुख्यतः दुसरीसाठी. आज मोठ्या केंद्रांत हातापायाच्या सार्कोमाच्या दहापैकी नऊ रुग्णांचा अवयव वाचतो, तो ही विभागणी समजल्यामुळे.

सार्कोमा हा शब्द मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्या ओळखीचे बहुतेक कर्करोग, म्हणजे तोंडाचा, स्तनाचा, आतड्याचा, हे शरीराच्या आतल्या-बाहेरच्या अस्तरांत आणि ग्रंथींत उगवतात. सार्कोमा उगवतो तो अस्तराखालच्या भरीत: चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसांची आवरणं, तंतू. मोठ्या माणसांच्या शंभर कर्करोगांत हा जेमतेम एक. त्यातही पन्नासहून जास्त जाती. चरबीचा लायपोसार्कोमा, गुळगुळीत स्नायूचा लिओमायोसार्कोमा, तरुणांत सांध्यांच्या आसपास दिसणारा सायनोव्हियल सार्कोमा, लहान मुलांतला रॅब्डोमायोसार्कोमा. नावं पाठ करायची गरज नाही. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला ढिम्म हलवत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं बरंचसं सोपं होतं.

आता मुख्य अडचणीकडे येतो. गाठ दुखत नाही. मांडीत, खांद्यामागे, पोटरीत हळूहळू वाढत राहते. घरचे म्हणतात चरबीची गाठ आहे, शेजारच्या काकूंना पण होती. आणि शंभरात नव्व्याण्णव वेळा काकू बरोबरच असतात! साध्या चरबीच्या गाठी सार्कोमापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतात. म्हणून शंका कधी घ्यायची हे ठरलेलं बरं. गाठ पाच सेंटिमीटरच्या, म्हणजे मोठ्या लिंबाच्या पुढे गेली, महिन्यागणिक वाढतेय, कातडीखाली सरकत नाही, खोल स्नायूत रुतल्यासारखी लागते, किंवा एकदा काढून परत आली. यातलं एक जरी असेल तरी आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी, आणि सुरी त्यानंतर.

प्रत्यक्षात अनेकदा उलटं होतं. ‘छोटंसं ऑपरेशन आहे, अर्ध्या तासात घरी’ असं म्हणून गाठ काढली जाते. सार्कोमा वाढताना भोवतीचं मांस दाबत जातो, त्यामुळे गाठीभोवती एक साल तयार झाल्यासारखी दिसते. शेंगेतून मटार निघावा तशी गाठ सहज सुटून येते, सर्जन खूश, रुग्ण खूश. पण ती साल खोटी असते, तिच्यात आणि तिच्या पलीकडे कर्करोगाच्या पेशी असतात. शेतात हरळी वरवर उपटणाऱ्याला विचारा. वरचं गवत हातात येतं, काशा मातीत राहतात, आणि पहिल्या पावसानंतर रान पुन्हा हिरवं. हरळी काढायची तर भोवतीच्या ढेकळासकट खणून काढावी लागते. सार्कोमाच्या शस्त्रक्रियेतलं ‘मार्जिन’ म्हणजे हे ढेकूळ: गाठीला स्पर्श न करता, चारी बाजूंनी निरोगी मांसाचं वेष्टण ठेवून काढलेला तुकडा.

त्यातून काप आडवा दिला असेल तर आणखी पंचाईत. पायावरचा उभा काप पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेत सहज सामावून घेता येतो. आडवा काप मात्र स्नायूंचे वेगवेगळे कप्पे ओलांडतो, आणि दुसऱ्यांदा तो सगळा पट्टा कापून काढायचा तर जास्त कातडी, जास्त स्नायू जातो. सगळ्यांत वाईट म्हणजे काढलेली गाठ तपासायलाच पाठवलेली नसते. दोनतीनशे मैलांवरून आलेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयात पहिला प्रश्न विचारतात, ‘स्लाइड आणि ब्लॉक आणलेत का?’ आणि त्याला ते काय असतं हेच माहीत नसतं. काढलेल्या तुकड्याचे मेणात बसवलेले चौकोन म्हणजे ब्लॉक, त्यांचे काचेवरचे पातळ काप म्हणजे स्लाइड. कुठलीही गाठ काढली की ती तपासणीला गेलीच पाहिजे आणि हे दोन्ही जपून ठेवले पाहिजेत.

सुईबद्दल एक भीती महाराष्ट्रभर ऐकू येते: ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो.’ नीट केलेल्या जाड सुईच्या बायोप्सीने माणसाचं नुकसान होत नाही. पुढे ऑपरेशन करणारा सर्जन जिथे काप देणार, त्याच रेषेवर सुई घालायची असते, म्हणजे सुईची वाटही गाठीबरोबर काढता येते. आणि या चिमूटभर तुकड्यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, जात कुठली. दोन, प्रत किती आक्रमक: पेशी मूळ ऊतीसारख्या दिसतात का, किती वेगाने विभागतात, गाठीत किती भाग मेलेला आहे, यावरून एक ते तीन अशी श्रेणी लावतात, तीन म्हणजे सर्वांत आक्रमक. सोबत छातीचा सीटी स्कॅन, कारण फुप्फुसं बघायला हवीतच.

हे कागद जमले की सर्जन, किरणोपचाराचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. एकत्रित उपचार म्हणजे तीन उपचारांची बेरीज, असा समज असतो. माझ्या मते बेरजेपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो पहिला काप देण्याआधीच ठरवता येतो.

किरणांचंच बघा. शस्त्रक्रियेला किरणांची जोड दिली की त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच घटतं, हे बेथेस्डाच्याच पुढच्या चाचणीत, १९९८ मध्ये, दिसलं. आयुर्मान मात्र त्याने वाढलं नाही, आणि वरच्या दोन लढायांचा हिशेब लक्षात असेल तर यात नवल नाही. मग प्रश्न उरला की किरण आधी की नंतर. कॅनडात १९० रुग्णांवर याची सरळ तुलना झाली, निकाल २००२ मध्ये आले. आधी द्यायचे तर ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप), पाच आठवडे. नंतर द्यायचे तर ६६ ग्रे, साडेसहा आठवडे, शिवाय क्षेत्र मोठं, कारण सर्जनचा हात जिथे जिथे फिरला ती सगळी जागा धरावी लागते. आधी किरण दिलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांची जखम चिघळली किंवा भरायला त्रास झाला, नंतर दिलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के. एवढ्यावर थांबलात तर नंतरचेच बरे असं वाटेल. पण दोन वर्षांनी त्याच रुग्णांकडे पाहिलं तेव्हा नंतर किरण घेतलेल्यांच्या पायात मांस कडक होणं जास्त दिसलं. चिघळलेली जखम उशिरा का होईना भरते. लाकडासारखी झालेली मांडी आणि न वाकणारा गुडघा मात्र जन्मभराचा सोबती. म्हणून आज बरीच केंद्रं आधी किरण देण्याकडे झुकतात, विशेषतः माणूस तरुण असेल आणि त्याला पुढची चाळीस वर्षं चालायचं असेल तर. मधुमेही, वयस्कर, जखम भरण्याची आधीच काळजी असलेला माणूस असेल तर तराजू दुसरीकडे कलू शकतो.

इथेही जात आडवी येतेच. मिक्सॉइड लायपोसार्कोमा नावाची चरबीची एक जात किरणांपुढे इतकी नमते की ५० ऐवजी ३६ ग्रेवरही काम भागू शकतं, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात दिसलं.

आणखी एक पद्धत आहे, ब्रॅकिथेरपी. शस्त्रक्रियेतच, गाठ काढलेल्या जागेवर पोकळ प्लास्टिकच्या बारीक नळ्या शेजारी शेजारी मांडून ठेवतात, जखम जरा सावरली की काही दिवसांनी त्यांतून किरणोत्सर्गी स्रोत आत फिरवून आणतात. किरण हवे तिथेच, बाकीचं मांस वाचतं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ही पद्धत लहान मुलांतही वापरली गेली आहे. मुलांचं हाड अजून वाढत असतं, तिथे वाचवलेल्या प्रत्येक सेंटिमीटरला मोल आहे.

आपल्याकडे किरणोपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाईट देणं’ म्हणतात. त्या शब्दाने थोडा घोळ केलाय. किरणांत शेक काही नसतो, टेबलावर पडल्या पडल्या काहीच जाणवत नाही. पण सार्कोमात खरीखुरी उष्णता वापरणारी उपचारपद्धतीही आहे. म्युनिकच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने युरोपात ३४१ रुग्णांवर प्रयोग झाला: सगळ्यांना केमो, आणि अर्ध्यांना त्याच वेळी विशेष यंत्राने गाठीचा भाग सुमारे ४२ अंशांपर्यंत तापवणं. शस्त्रक्रिया, किरण वगैरे दोन्हीकडे. दहा वर्षांनी तापवलेल्या गटातले ५२.६ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४२.७. तापलेल्या गाठीत रक्तपुरवठा वाढतो, औषध जास्त पोचतं, आणि औषधाने झालेली मोडतोड दुरुस्त करणं पेशींना जमत नाही. तरीही ही यंत्रं आणि ती चालवणारे हात जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. (घरी गरम पाण्याची पिशवी ठेवणं, लेप लावून बांधणं, तेलाने रगडणं याचा या उपचाराशी काडीचा संबंध नाही. न तपासलेली गाठ रगडू नये.)

आता केमो. सार्कोमाचं मुख्य औषध डॉक्सोरुबिसिन, लालभडक रंगाचं, रुग्णांच्या बोलीत ‘लाल केमो’. इटलीत एड्रियाटिक समुद्राच्या बाजूच्या मातीतल्या जंतूंपासून या औषधांचा शोध लागला, म्हणून त्याचं जुनं नाव एड्रियामायसिन. ते हृदयाच्या स्नायूंवर साठत जाणारा परिणाम करतं, म्हणून आधी टू-डी इको आणि आयुष्यभराची ठरलेली मर्यादा. त्याची जोडीदारीण आयफॉस्फामाइड. तिच्यामुळे मूत्राशयातून रक्त येऊ नये म्हणून सोबत मेस्ना नावाचं औषध आणि भरपूर सलाईन. क्वचित ती डोक्यावर परिणाम करते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांनी ते ‘अशक्तपणामुळे’ म्हणून सोडून देऊ नये, लगेच सिस्टरला सांगावं. तरुण रुग्णांनी केमोआधी वीर्य किंवा अंडी जतन करण्याबद्दल विचारावं. आपल्याकडे हे संकोचापोटी राहून जातं आणि नंतर वेळ गेलेली असते.

केमो कुणाला? गाठ मोठी, खोल आणि तिसऱ्या श्रेणीची असेल तर चर्चा होते. इथे पुरावा किरणांइतका खणखणीत नाही. १९९७ मध्ये १४ चाचण्यांतल्या १५६८ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या केमोने आजार उलटणं कमी झालं, पण जगण्यातला फायदा सुमारे चार टक्क्यांचा, तोही ठामपणे म्हणता येईल असा नव्हता. म्हणून एक डॉक्टर केमो घ्या म्हणतो आणि दुसरा नको म्हणतो, तेव्हा दोघांतला एक अडाणी आहे असं समजू नका.

आजार फुप्फुसात पोचला असेल तर हिशेब वेगळा. डॉक्सोरुबिसिन एकटं की आयफॉस्फामाइडच्या जोडीने, अशी तुलना युरोपात ४२८ रुग्णांवर झाली. जोडीने गाठी आकसण्याचं प्रमाण १४ वरून २६ टक्क्यांवर गेलं, पण आयुष्य ठोसपणे वाढलं नाही आणि त्रास मात्र जास्त. मग जोडी कधी? गाठ नसेवर दाबतेय, किंवा आकसली तर सर्जनला काढता येईल, तेव्हा. नुसता वेळ मिळवायचा असेल तर एकेक औषध पुरवून वापरणं शहाणपणाचं. याला एक लखलखीत अपवाद निघाला. कॅरिबियन समुद्रातल्या एका जीवापासून सापडलेलं ट्रॅबेक्टेडिन डॉक्सोरुबिसिनला जोडल्यावर लिओमायोसार्कोमाच्या रुग्णांचं मधलं आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगतात तो काळ, २४ वरून ३३ महिन्यांवर गेलं. फ्रान्समधला अभ्यास, रुग्ण १५०, फक्त त्या एका जातीचे. जात एकच घेतली म्हणून उत्तर सापडलं, असं मला वाटतं.

उलट गोष्ट ओलाराटुमॅबची. १३३ रुग्णांच्या छोट्या चाचणीत डॉक्सोरुबिसिनला या औषधाची जोड दिल्यावर आयुर्मान १४.७ वरून २६.५ महिन्यांवर गेल्याचं दिसलं. गेल्या कित्येक वर्षांत सार्कोमात असं काही घडलं नव्हतं. २०१६ मध्ये अमेरिकेत घाईने मंजुरी मिळाली. मग ५०९ रुग्णांची मोठी चाचणी पुरी झाली: औषधासह २०.४ महिने, औषधाविना १९.७. औषध बाजारातून गेलं. छोट्या चाचणीत अनेक जातींचे रुग्ण दोन पारड्यांत कसेही पडतात, आणि योगायोगाने एक पारडं जड होतं. ‘नवीन इंजेक्शन आलंय’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली की मला ही आठवण होते.

मुलांचं चित्र जास्त आशादायक आहे, आणि त्यात एक ओळखीचं झाड आहे. रॅब्डोमायोसार्कोमावर दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं, आपल्या कुंडीत बारा महिने फुलणारी तीच. (पानं चावून काही होत नाही, झालंच तर विषबाधा होते.) १९७२ पासून अमेरिकेतल्या केंद्रांनी एकत्र येऊन एकामागून एक चाचण्या केल्या आणि केमो, शस्त्रक्रिया, किरण यांची घडी बसवली. पूर्वी चारातलं जेमतेम एखादं मूल वाचायचं, आता एकूण पाहता दहापैकी सातच्या आसपास. २०१९ मध्ये युरोपातून आणखी एक भर पडली. नेहमीचे उपचार संपल्यावर, गाठ दिसेनाशी झाल्यावर, पुढचे सहा महिने सदाफुलीच्याच घराण्यातलं व्हिनोरेलबिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची रोजची हलकी गोळी सुरू ठेवली. पाच वर्षांनी ८६.५ टक्के मुलं हयात होती, उपचार तिथेच थांबवलेल्यांपैकी ७३.७. दोन्ही औषधं जुनी, फार महाग नसलेली.

पोटाच्या मागच्या पोकळीतला सार्कोमा हे वेगळंच प्रकरण. तिथे गाठ कलिंगडाएवढी होईपर्यंत पत्ता लागत नाही, पोट सुटलं म्हणून माणूस चालायला जायला लागतो. मांडीत जमलेला किरणांचा डाव इथेही जमेल अशी आशा होती. २६६ रुग्णांच्या चाचणीत, निकाल २०२० मध्ये आले, आधी किरण देऊन एकंदरीत फायदा दिसला नाही. तिथे पहिली शस्त्रक्रियाच, गरज पडल्यास मूत्रपिंड किंवा आतड्याचा भाग सोबत घेऊन, पुरी करणं हा मुख्य आधार.

प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं सार्कोमात बराच काळ थंडच होती. २०२४ मध्ये हातापायाच्या दोन विशिष्ट जातींत, किरणांच्या आधीपासून पेम्ब्रोलिझुमॅब सुरू करून शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवलं, तर दोन वर्षांनी आजारमुक्त राहिलेले ६७ टक्के, त्याविना ५२ टक्के असं दिसलं. गंभीर दुष्परिणामही ३१ वरून ५६ टक्क्यांवर गेले. किरणांनी फुटलेल्या पेशींचे तुकडे प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख पटवून देतात, अशी कल्पना आहे. औषधाची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची.

खर्चाचा विषय निघालाच आहे. सुरी, किरण, जुनी केमो या तिन्हींना महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आधार मिळतो. टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं, देशभरातल्या रुग्णालयांनी सारख्या पद्धतीने उपचार करावेत म्हणून. त्यामुळे उपचारांचा आराखडा मुंबईत ठरवून किरण आणि केमो घराजवळच्या केंद्रात घेता येणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. शस्त्रक्रिया मात्र सार्कोमा वारंवार पाहणाऱ्या हातांकडेच व्हावी, त्यासाठी प्रवास करावा लागला तरी.

उपचार संपल्यावर दोनतीन वर्षं दर तीनचार महिन्यांनी बोलावतात. गाठीची जागा चाचपतात, गरज वाटली तर एमआरआय, आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी दर खेपेला. मांडीची तक्रार नसताना छातीचा फोटो का काढतात म्हणून लोक कंटाळून ही फेरी चुकवतात. फुप्फुसात एखाददुसरा ठिपका लवकर सापडला तर तो कापून काढता येतो, आणि असे काही रुग्ण पुढे अनेक वर्षं जगतात. फिजिओथेरपीचंही तेच. किरण दिलेला गुडघा पहिल्या वर्षात रोज वाकवला नाही तर तो अडतो. उंबरा ओलांडणं, भारतीय संडासात बसणं, एसटीची पायरी चढणं, हे जमतंय का ते तपासणीच्या खोलीत आपणहून सांगावं लागतं, कारण स्कॅनमध्ये ते दिसत नाही.